थारसाठी फेंडर फ्लेअर: आधी ओळंबा, मग खरेदी

रुंद टायर टाकला, तो मडगार्डच्या बाहेर आला, म्हणून फ्लेअर (मडगार्डच्या कडेला बसवायची रुंद पट्टी) लावला आणि गाडी कायद्यात बसली, असा समज थारवाल्यांमध्ये पक्का रुजला आहे. दुकानदारही माल याच बोलीवर विकतात. फ्लेअरने टायर झाकला जातो, पण टायरचा चुकीचा साईज त्याने अधिकृत होत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत केली की पैसे दोनदा जातात. म्हणून बाजारात थारसाठी मिळणाऱ्या चार प्रकारच्या फ्लेअरचा हा आढावा दोन्ही बाजूंनी घेतला आहे: चिखल-खडी किती अडते आणि आरटीओसमोर काय टिकते.

२०२० च्या तीन दारी थारला कंपनीकडून काळ्या प्लॅस्टिकची आर्च, म्हणजे चाकावरची कमान, येते. एलएक्स मॉडेलवर २५५/६५ आर१८ टायर असतो (पहिला आकडा मिमीत रुंदी, शेवटचा इंचात रिम), एएक्सवर २४५/७५ आर१६. या दोन्ही साईजना कंपनीची आर्च पुरेशी आहे. अडचण सुरू होते ती २८५/७० आर१७ सारख्या टायरपासून, आणि त्यातही खरा घोळ टायरपेक्षा रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून बोल्टची बैठक किती बाहेर आहे ते अंतर, घालतो.

हिशेब असा. २५५ च्या जागी २८५ टाकला की रुंदी ३० मिमी वाढते, त्यातली १५ मिमी बाहेरच्या बाजूला. नव्या रिमचा ऑफसेट मूळ रिमपेक्षा २० मिमीने कमी असेल, तर अख्खं चाक आणखी २० मिमी बाहेर सरकतं. झाले ३५. रिम अर्धा इंच रुंद असेल तर टायरचा फुगवटा साधारण ५ मिमीने वाढतो, म्हणजे बाहेर आणखी अडीच. आता ‘एक इंची’ म्हणून मिळणारा २५ मिमीचा फ्लेअर लावला, तर मूळ आर्च टायरच्या बाहेर किती आली होती त्यावर सगळं अवलंबून. तो आकडा कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसतो, गाडीवरच मोजावा लागतो.

मोजायचं साधन गवंड्याचा ओळंबा. गाडी सपाट फरशीवर, स्टिअरिंग सरळ, टायरमध्ये नेहमीची हवा, टाकी निम्मी भरलेली. चाकाच्या केंद्राच्या बरोबर वर आर्चच्या बाहेरच्या कडेला दोरी चिकटपट्टीने लावायची आणि ओळंबा जमिनीपासून दोन बोटं वर राहील इतका सोडायचा. दोरी आणि टायरचा सर्वांत फुगीर भाग यांच्यात फट राहिली तर टायर आत आहे. टायरनेच दोरी बाहेर ढकलली तर तो बाहेर आहे. किती बाहेर, हे पट्टीने मिमीत लिहून ठेवायचं, चारही चाकांचं वेगवेगळं. डाव्या-उजव्या बाजूत काही मिमीचा फरक निघाला तर घाबरू नका, पण खरेदी मोठ्या आकड्यावर करा.

वरची कड झाकली की काम झालं असं मात्र नाही. खडी आणि पाणी टायरवरून स्पर्शरेषेत सुटतं, त्यामुळे मागच्या गाडीच्या काचेवर जाणारा मारा चाकाच्या मागच्या अर्ध्या भागातून येतो. युरोपातला चक्र-आवरणाचा नियम म्हणूनच कोनात बोलतो: चाकाच्या केंद्रातून उभी रेघ काढा, तिच्यापुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायरची पूर्ण रुंदी झाकलेली हवी, आणि आवरणाचं मागचं टोक केंद्राच्या आडव्या पातळीपेक्षा १५० मिमीहून वर संपता कामा नये. जर्मनीत टीयूव्ही या वाहन तपासणी संस्थेच्या तपासणीत टायर-रिम बदललेली गाडी याच कोनात पाहिली जाते. आपल्याकडे प्रवासी वाहनांच्या चक्र-आवरणासाठी आयएस १३९४३ हे भारतीय मानक आहे. घरच्या तपासणीला ३०–५० ची फूटपट्टी उत्तम: हब कॅपच्या मध्यावर सरळ पट्टी धरायची, मोबाईलच्या लेव्हलवर कोन बघायचा आणि त्या दोन रेघांच्या मधल्या भागात कुठे टायर उघडा दिसतो ते खडूने खुणावायचं. बरेच फ्लेअर वर रुंद आणि मागे खाली येताना निमुळते असतात, आणि नेमके तिथेच नापास होतात.

आता माल. युनिव्हर्सल रबरी पट्टी, म्हणजे मीटरवर मिळणारी ईपीडीएम या कृत्रिम रबराची, सर्वांत स्वस्त. मऊ असल्याने कुणाला लागली तरी जखम होत नाही, दगडाने फुटत नाही. पण तिची पकड फक्त चिकट टेपवर असते आणि वळणावर तिला लाटा पडतात. एक सेंटिमीटरच्या आसपास टायर बाहेर असेल तर चालेल, त्यापुढे नको. ताशी ८० च्या वाऱ्यात पुढचं टोक उचललं गेलं की उरलेली पट्टी सुटायला वेळ लागत नाही.

फायबरचे, म्हणजे एफआरपीचे फ्लेअर रुंद मिळतात आणि दिसायला भरदार असतात. लोक बहुधा हेच घेतात, आणि सर्वाधिक तक्रारीही याच्याच. साच्यातून निघालेला माल एकसारखा नसतो. बॉडीवर धरला की मधे ४–५ मिमीची फट दिसते, गॅरेजवाला ती बोल्ट आवळून मिटवतो, आणि ताणावर बसलेलं फायबर बोल्टच्या भोकापासून तडकतं. तडा नेहमी भोकापासूनच का जातो? रुंद वॉशर आणि रबर बुश घातलेले नसतात म्हणून. फायबर घ्यायचंच असेल तर दुकानात आतली बाजू बघा: काचतंतूंची जाळी कोरडी, पांढरट दिसत असेल तर रेझिन कमी पडलं आहे. तो नग परत ठेवा.

एबीएस या कडक प्लॅस्टिकचे साच्यात ओतलेले फ्लेअर थारच्या मूळ भोकांवर आणि क्लिपांवर बसतील असे मिळतात. आमच्या मते रस्त्यावरच्या गाडीसाठी हाच योग्य माल, अट एवढीच की रुंदी ३० मिमीच्या आत असावी आणि पत्र्याला नवं भोक पाडावं लागू नये. साधं एबीएस उन्हात पांढरं पडतं आणि ठिसूळ होतं, त्यामुळे यूव्ही-स्थिर किंवा एएसए या उन्हाला टिकणाऱ्या प्लॅस्टिकचा थर असलेला माल मागून घ्या.

चौथा प्रकार ‘पॉकेट स्टाइल’: ७५–१०० मिमी रुंद, कडेने बोल्टची डोकी दिसणारी. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा घेऊच नका. गाडीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच्या टोकदार भागांसाठी वेगळं मानक आहे, आयएस १३९४२. अशा नियमांचं मूळ तत्त्व हे की पादचाऱ्याला किंवा दुचाकीवाल्याला लागू शकेल असा कडक भाग २.५ मिमीपेक्षा कमी गोलाईचा नसावा. षटकोनी बोल्टची धारदार कड या तत्त्वात बसत नाही. लक्ष्मी रोडवर गर्दीत गाडी काढताना तो बोल्ट कुणाच्या गुडघ्याच्या उंचीवर असतो, एवढा विचार केला तरी पुरे.

बसवण्यात दोन गोष्टी बिघडतात, टेप आणि गंज. व्हीएचबी प्रकारच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या मजबूत टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. २४ तासांत साधारण नव्वद टक्के येते. संध्याकाळी बसवून रात्री प्रेशर वॉश करणारं गॅरेज काम वाया घालवतं. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, कारण मेण-पॉलिशवर टेप धरत नाही. पावसाळी दमट दिवशी पत्रा हीट गनने कोमट करून कोरडा करायचा. फ्लेअर आणि रंग यांच्यामध्ये रबरी कडपट्टी हवीच. नाहीतर मधे अडकलेली बारीक वाळू सॅंडपेपरसारखी काम करते आणि सहा महिन्यांनी फ्लेअर काढल्यावर खाली उघडा पत्रा दिसतो. भोक पाडावंच लागलं तर कड घासून गुळगुळीत करायची, झिंक प्रायमर, रंग आणि आतून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण. स्टीलच्या पत्र्यात स्टेनलेसचा स्क्रू थेट बसवला आणि तिथे खारं पाणी साचलं की गंज पत्र्याला लागतो, स्क्रू चकचकीत राहतो. कोकण-गोव्यातल्या गाड्यांवर हे हमखास दिसतं. नायलॉन वॉशर काही रुपयांत मिळतो, तो घाला.

बसवून झाल्यावर पुढची चाकं दोन्ही बाजूंना फुल लॉक करून बघायची. ऑफसेट कमी केल्याने टायर मोठ्या कमानीत फिरतो आणि आर्चच्या मागच्या कोपऱ्याला किंवा बंपरच्या टोकाला घासतो. मग एक मागचं चाक रॅम्पवर चढवायचं. थारचा मागचा अॅक्सल सॉलिड आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर; एक चाक वर गेलं की त्याचा माथा आत कलतो आणि आर्चच्या आतल्या लायनरला लागतो. बाहेर सरकवलेल्या टायरचा खांदा मात्र फ्लेअरच्या ओठावर येतो. तिथे बोट जाईल एवढी फट नसेल तर पहिल्याच खोल खड्ड्यात फ्लेअर तुटेल, आणि तुटलेली कड टायर कापेल.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ(४) प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलाला’ हे शब्द नीट वाचा: टायर, स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) आणि फ्लेअर हे तीन वेगळे बदल मोजले जाऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९३ मध्ये २.६ मीटर रुंदीची मर्यादा आहे आणि थार १.८२ मीटर, म्हणून ‘अजून खूप जागा आहे’ असं विक्रेते सांगतात. ती सर्व वाहनांसाठीची कमाल मर्यादा आहे, गाडी रुंद करण्याची परवानगी नव्हे.

म्हणून टायर कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या साईजमध्येच ठेवा. २८५/७० आर१७ चा व्यास सुमारे ८३१ मिमी, मूळ २५५/६५ आर१८ चा ७८९. म्हणजे स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ वर असते, आणि वेगाच्या कॅमेऱ्यासमोर काट्याचा आकडा उपयोगी पडत नाही. फ्लेअर डीलरकडून अधिकृत अॅक्सेसरी म्हणून, बिलावर नाव घालून घेतला तर बाजू मांडायला कागद हातात राहतो. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरला बाहेर आलेलं चाक दिसतंच.

गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेला उतरणाऱ्या गाड्यांची चाकं उघडी असतात हे खरं, पण त्या स्पर्धेच्या गाड्या आहेत, त्यांचं बघून रस्त्याची गाडी बांधू नये. अमेरिकेत जीप रँग्लर चालवणाऱ्यांनी आपल्या राज्याचा नियम आधी वाचावा. कॅलिफोर्नियात आवरण निदान टायरच्या ट्रेडइतकं, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या पट्ट्याइतकं रुंद हवं, फुगवट्याचा हिशेब तिथे वेगळा पडतो.

खरेदीचा क्रम सांगायचा तर: कंपनीची आर्च आणि कंपनीचा टायर असेल तर काहीच घेऊ नका, फक्त मागे चांगले मडफ्लॅप लावा, खडीचा मारा तेवढ्याने बराच कमी होतो. मूळ साईजचा टायर नुसत्या रिममुळे १५–२० मिमी बाहेर आला असेल तर फ्लेअरचे पैसे रिम बदलण्यात घाला. मूळ ऑफसेटची रिम मिळतच नसेल, तर मूळ भोकांवर बसणारा एबीएसचा सडपातळ फ्लेअर, रबरी कडपट्टीसह, चारही चाकांना एकसारखा.