व्हीएफडी स्क्रू कॉम्प्रेसर : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

भोसरी औद्योगिक वसाहतीतील आमच्या मशीन शॉपमध्ये 37 किलोवॅटचा व्हीएफडी (हवेच्या मागणीनुसार मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह असलेला) स्क्रू कॉम्प्रेसर हिवाळ्याच्या अखेरीस बसवला. मधल्या काळात तो कडक उन्हाळ्यातून आणि दमट पावसाळ्यातून गेला आहे, त्यामुळे माहितीपत्रकातील दाव्यांपलीकडे जाऊन काही सांगता येईल असे वाटते.

आधीचा कॉम्प्रेसर याच क्षमतेचा, पण ठरावीक वेगाने चालणारा होता. हवेची मागणी घटली की तो अनलोड होई. हवा देणे थांबे, पण मोटर फिरतच राही. अनलोड अवस्थेतही स्क्रू कॉम्प्रेसर पूर्ण भाराच्या साधारण 25 ते 40 टक्के वीज घेत असतो. आमच्याकडे दिवसपाळीत सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीनचे हवेवर चालणारे चक, म्हणजे जॉब पकडणारे जबडे, आणि चिप उडवण्याच्या एअर गन यांमुळे मागणी भरपूर असते, तर रात्रपाळीत ती निम्म्याच्याही खाली येते. अशा चढउताराच्या मागणीसाठीच व्हीएफडी यंत्र योग्य आहे. ज्या कारखान्यात कॉम्प्रेसर दिवसभर पूर्ण भाराने चालतो, तिथे ड्राइव्हमध्ये जाणारी दोन-चार टक्के वीज वाया जाते आणि साधे यंत्रच अधिक परवडते.

खरा मुद्दा गळतीचा आहे. यंत्र येण्यापूर्वी एका गुरुवारच्या सुट्टीत आम्ही सर्व मशीन बंद ठेवून जुना कॉम्प्रेसर चालवला आणि तो किती वेळ लोड व किती वेळ अनलोड राहतो याची नोंद घेतली. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागले की गळतीचे प्रमाण मिळते; आमच्याकडे ते चौथ्या हिश्श्याच्या आसपास निघाले. 7 बार दाबाखाली 3 मिलिमीटरच्या एका छिद्रातून सुमारे 3 किलोवॅट वीज हवेत जाते, आणि ती गळती रात्रंदिवस चालू असते. क्विक कपलर, पीयू (पॉलियुरेथेन) पाइपच्या जोडण्या, एफआरएलचे (हवा गाळणाऱ्या, दाब नेमणाऱ्या आणि तेल देणाऱ्या संचाचे) बाउल, सैल आटे अशा ठिकाणी साबणाचे पाणी लावून शोध घेतला आणि बहुतेक गळत्या नव्या यंत्राआधीच बंद केल्या. तरीही वीज वापर अपेक्षेइतका उतरला नाही, कारण वाचलेल्या हवेमुळे जुने यंत्र फक्त अधिक वेळ अनलोड राहू लागले. उलट, गळती तशीच ठेवून व्हीएफडी बसवला असता, तर त्याने ती गळती निमूटपणे पुरवली असती. ही दोन्ही कामे एकमेकांवाचून अपुरी आहेत, आणि विक्रेते त्यांपैकी एकाबद्दलच बोलतात.

दुसरा लाभ दाबाचा. जुन्या यंत्राला लोड-अनलोडमध्ये एक बारचे अंतर ठेवावे लागत असे. नवे यंत्र ठरवलेल्या दाबाच्या अगदी जवळ राहते, त्यामुळे सेटिंग टप्प्याटप्प्याने खाली आणता आले. एक बार दाब कमी केल्यास वीज सुमारे 6 ते 7 टक्के वाचते. कॉम्प्रेसर आणि ड्रायरच्या (हवेतील ओल काढणाऱ्या यंत्राच्या) फीडरवर वेगळा मीटर बसवल्यामुळे हे सर्व तपासता आले. आजवरच्या नोंदींनुसार हवेवरचा वीजखर्च सुमारे पाचव्या हिश्श्याने घटला आहे. राज्यात उच्चदाब ग्राहकांचे बिल एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरही धरणाऱ्या मोजणीवर) येते, आणि अनलोड मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, फारच वाईट असल्याने बिलातही हा बदल जाणवतो. मात्र ड्राइव्हमुळे हार्मोनिक्स (वीजप्रवाहाच्या लहरीतील विकृती) वाढतात, म्हणून त्या कमी करणारा इनपुट रिअॅक्टर विक्रेत्याकडे मागावा.

तक्रारीही आहेत. एप्रिल-मे महिन्यांत ड्राइव्हचे पॅनेल तापून यंत्र वारंवार ट्रिप झाले. कॉम्प्रेसरने घेतलेल्या विजेपैकी 90 टक्क्यांहून अधिक ऊर्जा उष्णतेत जाते आणि आमच्या कोंदट खोलीत तीच गरम हवा पुन्हा यंत्रात ओढली जात होती. घेतली जाणारी हवा 4 अंशांनी तापली तरी वीज वापर सुमारे एक टक्क्याने वाढतो, त्यामुळे गरम हवा बाहेर सोडणारे डक्टिंग ही सोय नसून गरज आहे. पॅनेलच्या फिल्टरवर मशीनमधील कूलंटचे (थंड करणाऱ्या द्रवाचे) तुषार बसून जाळी बुजते. ती आता दर आठवड्याला धुतो. पावसाळ्यात रात्रपाळीच्या कमी वेगात तेल पुरेसे तापत नसल्याने त्यात पाणी मिसळून ते दुधाळ दिसू लागले. सर्व्हिस इंजिनिअरने तापमान झडप बदलल्यावर हे थांबले. ड्राइव्हचे सुटे कार्ड येण्यास मात्र बराच काळ लागला आणि तेवढ्यात जुन्या यंत्रानेच कारखाना चालवला, त्यामुळे ते विकू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

खरेदी करताना केवळ पूर्ण भाराचा आकडा पाहू नका. 40, 60 आणि 80 टक्के भाराला प्रति सीएफएम (मिनिटाला एक घनफूट हवा) किती किलोवॅट लागतात, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि यंत्र बसल्यावर मीटर लावून स्वतः पडताळून पाहा.