बिडाचा पॅन आणि कुरकुरीत कातडीच्या मांड्या

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून घेतलेल्या दहा इंची बिडाच्या (म्हणजे ओतीव लोखंडाच्या) पॅनविषयीचा हा अभिप्राय मी मुद्दाम एकाच पदार्थाच्या अंगाने लिहीत आहे. तो पदार्थ म्हणजे थोड्या रसात मुरत शिजवलेल्या, कातडीसकट असलेल्या कोंबडीच्या मांड्या. त्यांचे मांस हाडापासून सहज सुटावे, खाली दाट रस राहावा आणि वरची कातडी पापडासारखी मोडावी, अशी अपेक्षा असते. हे सगळे एका भांड्यात साधणे कठीण, कारण कातडी खरपूस व्हायला कोरडेपणा आणि भरपूर उष्णता लागते, तर मांडीचे चिवट मांस मऊ पडायला ओलावा आणि वेळ लागतो.

बिडाचे जाड बूड इथे खरोखर कामाला येते. पॅन थंड असतानाच मांड्या कातडी खाली करून मांडाव्यात आणि मध्यम आच लावावी. बीड सावकाश तापत असल्यामुळे कातडीखालची चरबी हळूहळू वितळून बाहेर येते, वेगळे तेल जवळजवळ लागतच नाही, आणि पंधराएक मिनिटांत कातडी सोनेरी होऊन पॅनपासून आपसूक सुटते. ती सुटण्याआधी ओढू नये, फाटते. पातळ भांड्यात गार मांस पडताच तापमान उतरते आणि कातडी तळली जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. बिडात हा त्रास मला कधीच जाणवला नाही.

पुढचा टप्पा अधिक नाजूक आहे. मांड्या बाजूला काढून त्याच चरबीत कांदा, लसूण आणि तमालपत्र परतावे, कोंबडीच्या हाडांचे गरम सूप ओतावे आणि मांड्या कातडी वर करून परत ठेवाव्यात. सूप मांसाच्या अर्ध्या उंचीपर्यंतच असावे, कारण कातडीला रस लागला की कुरकुरीतपणा गेलाच. झाकण न ठेवता १८० अंशांच्या ओव्हनमध्ये चाळीसएक मिनिटे ठेवावे. कोंबडी ७४ अंशांना खाण्यास सुरक्षित होते, पण मांडी त्याहून पुढे, ८५ अंशांच्या आसपास गेली की खरी मऊ लागते.

आपल्या सवयीचे दही, हळद, तिखट कातडीला चोळणे मात्र इथे टाळावे. दही कातडी ओली ठेवते आणि तिखट मांस शिजण्याआधी करपते. आदल्या रात्री नुसते मीठ लावून, टिपून, मांड्या फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात उघड्या ठेवाव्यात. ठाण्यातील बहुतेक दुकानदार कोंबडी सोलूनच देतात, तेव्हा कातडीसकट हवी असल्याचे आधी सांगून ठेवणे बरे.

पॅनच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. लांब दांड्यामुळे तो घरगुती लहान ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये, मावेलच असे नाही. खरेदीपूर्वी ओव्हनची आतली खोली दांड्यासकट मोजावी. टोमॅटो किंवा कोकम बिडात बराच वेळ उकळले तर पॅनवर तापून बसलेला तेलाचा थर निघतो आणि रसाला लोखंडी चव येते, म्हणून मी आंबटपणासाठी शेवटी लिंबूच पिळते. ठाण्याच्या पावसाळ्यातील दमट हवेत तो ओला राहिला तर रात्रीत तांबूस गंज धरतो. धुतल्यावर लगेच गॅसवर कोरडा करून तेलाचे बोट फिरवावे लागते, आणि ज्यांना भांडी सिंकमध्ये भिजत ठेवण्याची सवय आहे त्यांनी तो घेऊच नये.

दहा इंचांत चार मांड्या एकमेकींना न चिकटता बसतात. त्याहून जास्त कोंबल्या तर वाफ कोंडते आणि कातडी मऊ पडते, तेव्हा मोठ्या कुटुंबाने बारा इंची पाहावा. मात्र तो भरल्यावर एका हाताने उचलवत नाही, त्यामुळे समोरच्या बाजूला दुसरी छोटी मूठ असलेलाच निवडावा.