कृपादान शिबिर, सहाशे रुपये माणशी : मास्तरांसाठी जा, टेस्टसाठी नका जाऊ

उन्हाळ्यात आमच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, आम्ही काही जण कृपादान शिबिराला गेलो होतो. कृपादान म्हणजे सेवेसाठी देवाचा आत्मा विश्वासणाऱ्याला देते ती देणगी, आणि आपलं कोणतं ते ओळखायला हे शिबिर. यवतमाळ जिल्ह्यातलंच तालुक्याचं गाव आहे, नाव टाकत नाही कारण भरवणारी माणसं ओळखीची आहेत आणि मनानं चांगलीच आहेत, पण तेव्हापासून कोणी ना कोणी फोन करून विचारते की कसं होतं, पोट्ट्यांना पाठवायचं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. फी सहाशे रुपये माणशी, त्यात राहणं, दोन टाइम जेवण, चहा, वही, पेन आणि एक टेस्टची पुस्तिका. गादी-चादर आपली आपण न्यायची हे फॉर्मवर कुठंच नव्हतं, ते तिथं गेल्यावर समजलं.

मे महिन्यात ठेवलं याला मी नावं नाही ठेवणार, वावरात तेव्हाच काम नसते, एकदा पेरणी लागली की कोण येते. पण टिनाचा हॉल, बाहेर पंचेचाळीसच्या घरात टेम्परेचर, कूलर दोन आणि त्यातला एक स्टेजकडं तोंड करून. संडास-बाथरूम बायकांसाठी कमी होते, पहाटे चारला उठून नंबर लावावा लागला. जेवण मात्र एक नंबर. वांगे-आलूची भाजी, वरण-भात, ज्वारीची भाकर, शेवटच्या दिवशी पाटवडी रस्सा, आणि वाढणाऱ्या बायांनी एकदाही कोणाला 'बस झालं का' असं घाईनं विचारलं नाही.

पहिला दिवस सगळा टेस्टमध्ये गेला. शंभराच्या वर प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क आपले आपणच द्यायचे, मग शेवटच्या पानावर चौकटी आहेत त्यात उभी बेरीज करायची आणि ज्या रकान्यात जास्त मार्क ते म्हणे तुमचं कृपादान. प्रश्न कोणी काढले देव जाणे. 'ऑफिसमधल्या टीमला ध्येय गाठायला मी मदत करतो.' 'अनोळखी लोकांना घरी पार्टीला बोलवायला मला आवडते.' आमच्याकडं अनोळखी माणसाला बोलवावं कुठं लागते, तो ओट्यावर येऊन बसलेलाच असते आणि पाणी मागते. माझ्या बाजूला आमच्याच मंडळीतल्या एक मावशी होत्या, त्यांना वाचता येत नाही, तर भाच्यानं प्रश्न वाचले आणि मार्क पण त्यानंच टाकले, मावशी म्हणे, "टाक ना बापा तुले जे वाटते ते." रिझल्ट आला पुढारीपण. भाच्याचा पण पुढारीपण. खरं सांगते, हॉलमधल्या अर्ध्या पोट्ट्यांचं पुढारीपणच निघालं, कारण कोणता प्रश्न कशासाठी विचारला हे दुसऱ्या-तिसऱ्या पानावर लहान लेकराला पण कळते. संध्याकाळी नाव टाकून सर्टिफिकेट, लॅमिनेशनचे पैसे वेगळे. माती परीक्षणाच्या कार्डासारखं झालं हे, कार्ड कपाटात आणि खत दुकानदार म्हणल ते.

आणि गंमत म्हणजे बायबलमध्ये अशी टेस्ट कुठंच नाही. नव्या करारातल्या पत्रांत कृपादानांच्या याद्या आहेत, त्या पण एकसारख्या नाहीत. १ करिंथकरांस १२ मध्ये सुरुवातीला नऊ गोष्टी येतात, ज्ञानाचं वचन, निरोग करणं, अन्य भाषा (न शिकलेल्या भाषेत आत्म्यानं बोलणं) वगैरे, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी साहाय्य करणारे आणि व्यवस्था पाहणारे पण येतात, त्यांच्यावर कोणी संदेश देत नाही. रोमकरांस १२ मध्ये सात आहेत, त्यात दान देणं आणि दया करणं. इफिसकरांस ४ मध्ये प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. १ पेत्र ४ मध्ये तर दोनच भाग केलेत, बोलणारा आणि सेवा करणारा. याद्या जुळत नाहीत म्हणजे पूर्ण लिस्ट देऊन प्रत्येकाला एक बिल्ला लावायचा, करिंथकरांस आणि रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाचा विचारच नसल असं मला तरी वाटते. त्यानं कारण सरळ सांगितलं, सर्वांच्या हितासाठी. आणि हे कोणाला लिहिलं, तर करिंथच्या मंडळीला, जिथं गट पडले होते आणि आधीच्याच अध्यायात प्रभुभोजनाला कोणी उपाशी राहते आणि कोणी पिऊन झिंगते असं आहे. म्हणजे भांडखोर मंडळीला लिहिलेलं पत्र आहे, आणि आपल्याकडं पेटी कोण वाजवणार यावरून काय होते ते मी इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी रात्रीचं सेशन अन्य भाषांचं. बाहेरून आलेले एक तरुण पास्टर होते, कीबोर्ड, मोठे स्पीकर, लाइट बंद करून फक्त स्टेजचा चालू. सगळे एकदम मोठ्यानं, कोणी रडते, कोणी पडते, आणि अर्थ सांगणारा कोणीच नाही. मी अन्य भाषांच्या विरोधात नाही. आपल्या महाराष्ट्रातच केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ ला असं जागृतीचं मोठं काम झालं, लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या जागृतीच्या एक वर्ष आधी, म्हणजे हे अमेरिकेतून आलेलं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. पण त्याच केडगावात १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या इकडच्या मध्य प्रांतातून आणलेल्या उपाशी पोरी पण होत्या, त्यांना जेवायला घालणं, शिकवणं, हाताला काम देणं चालू होतं, हे त्या रात्री कोणी सांगितलं नाही. आणि पौलाचे नियम तर स्पष्ट आहेत, १४ वा अध्याय, दोघांनी बोलावं, फार तर तिघांनी, एकामागून एक, आणि एकानं अर्थ सांगावा, अर्थ सांगणारा नसल तर मंडळीत गप्प राहावं. बाहेरचा माणूस आत आला तर तुम्हाला वेडे म्हणल, हे पण तिथंच लिहिलंय. सकाळी मी टपरीवर दूध आणायला गेली तर तो भाऊ विचारते, "काय झालतं राती तुमच्याकडं, भांडण लागलं होतं का?" याला काय सांगावं?

हे वरदान आजही आहे की प्रेषितांच्या काळासोबत संपलं, यावर चर्चेसमध्ये दोन मतं आहेत आणि दोन्हीकडं बायबल वाचणारी माणसं आहेत. शिबिरात दोन्ही मतांचे वक्ते होते पण हे उघड कोणी सांगितलं नाही, एक सकाळी एक बोलते दुसरा रात्री दुसरं, आणि नवीन विश्वासणारे गोंधळून जातात.

आता मास्तर. सत्तरीचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर, पांढरा पायजमा-सदरा, माइक दिला तर बाजूला ठेवला. त्यांचं सेशन दुसऱ्या दिवशी दुपारी होतं, सगळ्यात वाईट टाइम, जेवण झालेलं, टिन तापलेलं. त्यांनी प्रत्येक गावाला ब्राउन पेपर दिला, खाली पसरायला लावला आणि म्हणाले, लिहा, तुमच्या मंडळीत मयत झाली तर माती देताना प्रार्थना कोण करते. आजाऱ्याकडं कोण जाते. यवतमाळच्या दवाखान्यात सोबत कोण थांबते. संडेस्कूल कोण घेते. अर्पणाचा हिशोब कोणाकडं. नवीन माणसाला वचन कोण शिकवते. नवरा-बायकोचं भांडण कोण मिटवते. आम्ही लिहिलं. जवळपास प्रत्येक ओळीत पाळकसाहेब (आमचे पास्टर), पाळकसाहेब, पाळकसाहेब, फक्त संडेस्कूलपुढं त्यांच्या बायकोचं नाव. आमच्या पाळकसाहेबांकडं पाच गावं आहेत आणि एक जुनी फटफटी. पावसाळ्यात नाला भरला की त्या रविवारी आमच्याकडं उपासनाच नाही, सगळे आपापल्या घरी.

मास्तर आमच्या पेपरजवळ येऊन उकिडवे बसले, बोटानं एकेक ओळ वाचली आणि म्हणाले, "काहून बाप्पा, पाळकसाहेब नाही आले त उपासना होत नाही असं कोणत्या अध्यायात लिवलं हाय?" मग इफिसकरांस ४ उघडायला लावलं. पाळक, शिक्षक दिले ते कशासाठी, तर पवित्र जनांना सेवेसाठी तयार करायला. सेवा करणारे बाकीचे सगळे, पाळकाचं काम त्यांना तयार करायचं. निर्गम १८ काढलं, मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसते आणि सासरा येऊन म्हणते की तू पण थकशील आणि लोक पण. प्रेषितांची कृत्ये ६ काढलं, विधवांच्या रोजच्या वाटणीत तक्रार झाली तर सात माणसं निवडली, आणि त्यातलेच स्तेफन आणि फिलिप्प पुढं काय काय करून गेले. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन याचे आपापल्या चर्चचे नियम आहेत ते मोडू नका हे पण त्यांनी सांगितलं, म्हणजे पाळकाच्या विरोधात भडकवणं बिलकुल नव्हतं.

मला विचारलं, "बाई, तुझं काय काम?" म्हटलं ब्लाउज शिवते. तर प्रेषितांची कृत्ये ९ मधली यापोची टबीथा वाचायला लावली, ती मेल्यावर विधवा रडत रडत पेत्राला तिनं शिवलेले कपडे दाखवतात. मग निर्गम ३१ मधला बसालेल, त्याला देवाच्या आत्म्यानं भरलं ते कशासाठी, सोनं-रूपं-पितळेचं काम करायला आणि लाकूड कोरायला. मी म्हटलं मास्तर, म्हणजे आता मी फुकट शिवायचं का, माझी तर मशीनची किस्त चालू आहे. सगळे हसले, ते पण हसले, म्हणाले पौल स्वतः करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लासोबत तंबू शिवून पोट भरत होता, त्यानं फुकट दिल्याचं लिवलं नाही. हे उत्तर मला स्टेजवरच्या सगळ्या संदेशांपेक्षा जास्त पटलं.

एका भाऊनं विचारलं की निरोग करण्याची प्रार्थना झाली तर शुगरची गोळी बंद करू का. मास्तर एकदम गंभीर झाले. गोळी चालू ठेव आणि प्रार्थना पण चालू ठेव म्हणाले. पौलानं आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेतात आजारीच सोडलं होतं, दुसऱ्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, मग त्यांच्यात विश्वास कमी होता का? आणि परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचं कुष्ठरोग्यांचं हॉस्पिटल आहे तिथल्या नर्सचं उदाहरण दिलं, जखम रोज धुणं हे पण रोमकरांस १२ मधलं दया करणंच आहे, आणि ते हर्षानं करायला सांगितलं. आपल्याकडं २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, स्टेजवरून कोणाची गोळी बंद करायला लावायची आणि मग काही कमीजास्त झालं तर मंडळीचं नाव जाते, हे माझं म्हणणं, मास्तरांचं नाही.

शेवटच्या सेशनला दान देण्याचं कृपादान म्हणून पाकिटं वाटली आणि पुढच्या वर्षभराचा आकडा लिहून द्या म्हणाले. हे मला बिलकुल आवडलं नाही. फी घेतली तेवढी घेतली, पुन्हा कापसाचा भाव कोणाला माहीत नाही तर आकडा कसा लिहावा.

फरक काय पडला विचारता तर पडला, पण टेस्टनं नाही. तो ब्राउन पेपर आम्ही घरी आणला आणि पाळकसाहेबांनाच दाखवला. आधी त्यांना थोडं लागलं असं वाटलं, मग म्हणाले मी हेच केव्हाचं म्हणतो. जुलैमध्ये नाला भरला त्या रविवारी बारावीतल्या एका पोरीनं वचन वाचून दहा मिनिटं समजावलं, एका आजोबांनी ढोलक धरली, गाणं बेसूर झालं, पण उपासना झाली. दोन वडीलजन अजून रागात आहेत, पोट्टीनं पुढं उभं राहायचं का म्हणतात. पाळकसाहेबांनी एकदा स्वतः मागच्या सतरंजीवर बसून तिचं ऐकलं आणि नंतर एवढंच सांगितलं, अध्याय-ओवी दोनदा सांगत जा, म्हाताऱ्यांना पान काढायला टाइम लागते. आणि त्या पुढारीपणवाल्या मावशी, त्यांच्याकडं मयत फंड दिला आहे, घरटी वीस रुपये, वाचता येत नाही पण कोणाचे आले कोणाचे राहिले सगळं तोंडपाठ, वही भाचा लिहिते आणि मावशी त्याच्या चुका काढतात. म्हणजे तिथं टेस्ट चुकून बरोबर निघाली.

यवतमाळलाच १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, १९८३ मध्ये पुण्याला गेली. आता आपल्या खेड्यातल्या माणसाला शिकायचं तर अशी शिबिरंच आहेत, म्हणून मी जाऊच नका असं म्हणत नाही. पाचपैकी तीन स्टार देते, त्यातले दोन मास्तरांचे आणि एक स्वयंपाकवाल्या बायांचा. पाठवायचं असल तर नुसते पोट्टे पाठवू नका, पोट्ट्यांसोबत एक वडीलजन आणि महिला मंडळातली एक बाई पाठवा, नाहीतर घरी आल्यावर त्यांचं ऐकणारं कोणी नसते. चादर, पाण्याची बॉटल, ओडोमास न्या. पुस्तिका वेगळी दीडशे रुपयाला विकतात ती घेऊ नका, तेवढ्यात ब्राउन पेपर आणि स्केचपेन येते. पुढचं शिबिर दिवाळीनंतर, सोयाबीन निघाल्यावर आहे म्हणतात, तर पैसे भरायच्या आधी फोन करून विचारून घ्या की मास्तर येणार आहेत का, आणि दुपारचं सेशन कूलरजवळ घेता येते का ते पण विचारा.