पीएम किसान पोर्टल: हप्ता कुठे अडकला ते कळतं, सुटत मात्र नाही

केंद्राच्या पीएम किसान योजनेत शेतकऱ्याला वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,०००. एवढ्यात डीएपी खताची एक गोणी आणि वर युरियाच्या दोन निघतात, म्हणून हप्ता वेळेवर येणं महत्त्वाचं.

पोर्टलवर सगळ्यात कामाचं बटण ‘नो युवर स्टेटस’. नोंदणी क्रमांक आणि ओटीपी टाकून तीन ओळी बघा: ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), आधार-बँक सीडिंग (बँक खात्याला आधार जोडणं). तिन्हींपुढे ‘येस’ हवं.

ई-केवायसी ओटीपीवर होते, नाहीतर सेवा केंद्रात बोटांच्या ठशांवर. राबून झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. अशांसाठी अ‍ॅपमधली चेहऱ्याची ओळख फार मोठी सोय आहे.

गोंधळ बँकेत होतो. खात्याला आधार जोडलेलं असणं पुरेसं नाही, एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणारी संस्था) नोंदीत तेच खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, असावं लागतं. नवीन खातं उघडताना आधारच्या संमतीवर सही झाली, की हप्ता तिकडे वळू शकतो आणि माणूस जुनं पासबुक भरून आणत बसतो.

लँड सीडिंग ‘नो’ असेल तर सातबारा, आठ-अ आणि फेरफार घेऊन तालुका गाठावाच लागतो. महाराष्ट्रात राज्याच्या ‘नमो शेतकरी’ योजनेचे वर्षाला ६,००० याच यादीवर मिळतात, त्यामुळे एका ‘नो’ने दोन्ही हप्ते थांबतात.