ओक ॲली की व्हिटनी? हातात अर्धाच दिवस असेल तर

न्यू ऑर्लिन्सला आलेल्या आई-बाबांना जुन्या ऊसमळ्यावरचा वाडा दाखवायचा म्हटलं की ही दोन नावं हमखास निघतात. दोन्ही मिसिसिपीच्या काठाला, शहरापासून साधारण तासाभरावर. एका दिवसात दोन्ही करू नका. दुसऱ्या ठिकाणी काही डोक्यात शिरत नाही.

फोटो हवे असतील तर ओक ॲली, वादच नाही. जाक रोमान या मळेवाल्याने १८३७ ते १८३९ या काळात हे घर बांधून घेतलं. चारही बाजूंनी मिळून २८ खांब. दुरून दगडी वाटतात, पण आहेत विटांचे, वरून गिलावा. समोर २८ ओकची दुहेरी रांग, तीही घराच्या कितीतरी आधीची. म्हणजे घर झाडांच्या शोधात आलं! इथल्याच अंत्वान नावाच्या गुलाम माळ्याने १८४६-४७च्या हिवाळ्यात पेकनची (अक्रोडासारखं फळ देणाऱ्या झाडाची) कलमं बांधली. पुढे त्या वाणाचं नाव झालं. गुलामांच्या खोपटांच्या प्रतिकृती आहेत, पण पाय वळतात ते खांबांकडेच.

व्हिटनीचं घर त्यामानाने साधं, आणि मला विचाराल तर जास्त शहाणं. १८व्या शतकाच्या अखेरचं क्रिओल, म्हणजे इथल्या जुन्या फ्रेंच वसाहतीच्या धाटणीचं घर: खाली विटांचा मजला, वर लाकडी सांगाडा, दर्शनी बाजूला लांबलचक ओसरी. लाकडांच्या मधल्या भिंती चिखल आणि झाडावर लोंबणारं स्पॅनिश मॉस कालवून भरलेल्या. कोकणातला कूड आठवतोच. आवारात उसाचा रस आटवायच्या लोखंडी काहिली आहेत. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. फक्त उकळता रस पळीने एकीतून दुसरीत ओतणारे हात विकत घेतलेले होते, एवढंच मनात ठेवायचं.

२०१४ साली खुलं झालेलं हे संग्रहालय मालकांपेक्षा या हातांबद्दल बोलतं. गुलामीत दगावलेल्या सुमारे २,२०० मुलांची नावं इथे दगडांवर कोरलेली आहेत. बाबा तिथे बराच वेळ वाचत उभे होते. परतीच्या गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

तेव्हा एकच निवडायचं असेल तर व्हिटनी. मात्र तिथलं बरंचसं फिरणं उघड्यावरचं. गुडघे कुरकुरत असतील किंवा सोबत लहान मुलं असतील तर ओक ॲलीची सावली बरी. जुलै-ऑगस्टमध्ये कुठेही जा, सकाळचीच वेळ धरा.