सोसायटी कमिटीचं ट्रेनिंग: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासला आमची 48 फ्लॅटची सोसायटी, मी सेक्रेटरी. भांडायला येणाऱ्या मेंबरशी कसं बोलायचं याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग मी आणि खजिनदार काकूंनी केलं, त्याला आता आठ महिने झाले.

सगळ्यात कामाला आली ती वही. माणूस ओरडत आला की मधी बोलायचं नाही, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं, सही घ्यायची. एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका रात्री साडेदहाला दारात, टँकर आला तरी आमच्या नळाला थेंब नाही, मेंटेनन्स भरणार नाही म्हणे. पाच महिने त्यांचेच बाकी होते, ते तोंडावर आलं होतं पण गिळलं आणि लिहीत बसलो. वाचून दाखवलं तसा काकांचा आवाज खाली आला, म्हणले "टाकीत चढलं असंल पाणी, पण आमच्या लाईनला नाही." सकाळी प्लंबरनं बघितलं तर त्यांच्या लाईनचा वॉल्व्ह अर्धा बंद! थकबाकीचं मी चार दिवसांनी वेगळं बोललो, दोन हप्त्यांत भरली.

पण सगळीकडं गोड बोलून भागत नाही. एक मालक पुण्याला, फ्लॅट भाड्यानं, दीड वर्षाचे पैसे थकलेले. जीबीत, म्हणजे सगळ्या मेंबरच्या सभेत, चार जण उठले, पाणी तोडा म्हणून. ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं की पाणी तोडायचं नाही, सहकार कायद्यात 2019 ला आलेल्या कलम 154ब-29 खाली वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकबाकी वसूल करायच्या सरकारी हुकमासाठी, सहकार खात्याच्या निबंधकाकडं जायचं. कागद जमवताना कळलं की आपण व्याजावर व्याज लावलंय, उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमांत, तर सरळ व्याज आहे, तेही वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्के. सगळा हिशोब परत केला, मग अर्ज दिला, अजून निकाल यायचाय.

कमी कुठं पडलं तर, उदाहरणं सगळी मुंबईच्या पार्किंगची. आमच्याकडं नळाला कित्येक दिवस पाणी नसतं, भांडण होतं टँकरच्या पैशावरून. पहिल्या मजल्यावरच्या आजी विचारतात, "आम्ही दोघं म्हातारे, वर सात माणसं, पैसे सारखेच काहून?" सहकार खात्याच्या नमुना नियमांत, म्हणजे आदर्श उपविधीत, पाणीपट्टी नळांची संख्या आणि आकार बघून लावायची आहे, माणसं मोजून नाही, आणि नळ दोन्ही घरी तेवढेच. आजींचं म्हणणं मला पटतं, म्हणून हे वहीत लिहून सही घेऊन सोडून द्यायला मन होत नाही. वरच्या सात जणांना आणि आजींना एकत्र बसवून बोलायचं कसं, हे शिकवायला पाहिजे होतं. येत्या जीबीच्या अजेंड्यावर मी हा विषय पहिला घेतलाय.