अक्कलदाढ काढायची आहे, पण जबड्याचा सांधा दुखरा आहे? माझ्या ओरल सर्जनच्या दवाखान्याबद्दल

माझा जबड्याचा उजवा सांधा कित्येक वर्षं वाजतो. तोंड उघडताना कानापुढे कट्‌ असा आवाज येतो, मिटताना पुन्हा एकदा हलकासा. झोप नीट झाली नसेल तर सकाळी जबडा अर्ध्यावरच अडकून बसतो. मी शिक्षिका आहे, दिवसभर बोलणं हेच काम, त्यामुळे या सांध्याला मी फार जपते. त्यात खालची उजवी अक्कलदाढ तिरकी, अर्धी हिरडीखाली, आणि तिच्यावरची हिरडी पुन्हा पुन्हा सुजायची. वरची अक्कलदाढ नेमकी त्या सुजलेल्या हिरडीवर टेकायची. दाढा काढणं भाग होतं. ते कुणाकडून करून घ्यायचं, एवढंच ठरत नव्हतं.

दवाखान्याचं नाव देत नाही. तिथे काय काय केलं ते नीट सांगते, म्हणजे तुमच्या जवळपासचा सर्जन तुम्हाला पारखता येईल. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा का कापला तेही सांगते.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी मला सांगितलं होतं की चारही अक्कलदाढा काढून टाका, सांध्याचा आवाजसुद्धा बंद होईल. हे ऐकून बरेच जण तयार होतात, म्हणून हा मुद्दा आधी घेते. इथल्या सर्जन मॅडमनी कागदावर सांधा काढून दाखवला. कवटीच्या खोबणीत खालच्या जबड्याचं गोल टोक बसतं आणि दोघांच्या मध्ये चिवट तंतूंची एक छोटी चकती असते. ही चकती पुढे घसरलेली असली, की तोंड उघडताना जबड्याचं टोक सरकत जाऊन तिच्यावर चढतं. तोच तो कट्‌ आवाज. अक्कलदाढ काढल्याने चकती जागेवर येत नाही. "दाढ काढायची ती दाढेच्या त्रासासाठी, सांध्याच्या नाही," असं त्या स्पष्ट म्हणाल्या. डाव्या बाजूच्या दोन्ही दाढा निरोगी आहेत, त्यांना हात लावायची गरज नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २००० सालीच तसं मार्गदर्शन केलं आहे: हिरडीत अडकलेली पण कोणताही आजार नसलेली अक्कलदाढ केवळ पुढे त्रास होईल या भीतीने काढू नये. ज्याचा सांधा आधीच दुखरा आहे, त्याच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं, कारण काढलेल्या प्रत्येक दाढेपायी जबडा तेवढा वेळ ताणलेला राहतो.

या दवाखान्यावर माझा विश्वास बसला तो पहिल्या तपासणीत. एक्स-रे बघण्याआधी मॅडमनी छोटी पट्टी घेतली आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं. न दुखता ३४ मिलिमीटर, दुखणं सोसून ३९. निरोगी मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. दोन्ही आकडे केसपेपरवर लिहिले. मग दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून मला सावकाश तोंड उघडायला-मिटायला लावलं आणि हनुवटी सरळ खाली जाते की एका बाजूला वळते ते पाहिलं. माझी आधी उजवीकडे जाते आणि कट्‌ झाल्यावर मध्यावर येते. गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दाबून कुठे दुखतं ते विचारलं. जबडा कधी पूर्ण अडकला होता का, कधी उघडा राहून मिटेनासा झाला होता का, रात्री दात खाता का, स्प्लिंट (रात्री दातांवर चढवायचा प्लास्टिकचा साचा) वापरता का, हे सगळं विचारून झाल्यावरच दाढेकडे वळल्या.

ही मोजणी पुढे फार कामाला येते. दाढ काढल्यानंतर तोंड कमी उघडणं हे सगळ्यांनाच होतं, पण आपलं मुळात किती उघडत होतं याची नोंदच नसेल तर नंतर कशाशी ताडून बघणार? तुमच्या सर्जनने हे मोजलं नाही, तर मोजायला सांगा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

ओपीजीमध्ये, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये, दाढेचं मूळ खालच्या जबड्यातल्या नसेच्या जवळ दिसलं, म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून घेतला. मूळ नसेला चिकटलेलं नव्हतं. तो विषय तिथेच संपला.

भूल कोणती यावर मात्र बरंच बोलणं झालं. पूर्ण भूल घेतली की सुटलो, कळणारच नाही, असं माझ्या मनात होतं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला कळणार नाही, हाच तर प्रश्न आहे." पूर्ण भुलीत जबड्याचे स्नायू सैल पडतात, नळी घालताना जबडा पुढे ओढावा लागतो, आणि सांधा मर्यादेपलीकडे ताणला गेला तर सांगायला रुग्ण जागा नसतो. जागेवरच्या भुलीत, म्हणजे फक्त दाढेभोवतीचा भाग बधिर केला तर, तुम्ही हात वर करू शकता. मी तेच निवडलं. ज्यांना भीती अनावर होते किंवा ज्यांच्या चारही दाढा खोल रुतलेल्या आहेत, त्यांना पूर्ण भूल लागू शकते. पण मग सांध्याची माहिती भूलतज्ज्ञालाही आधीच द्यायला हवी, हे त्यांनी बजावून सांगितलं.

आणखी एक गोष्ट मला इथेच कळली. खालच्या जबड्याच्या नेहमीच्या इंजेक्शनसाठी तोंड बरंच उघडावं लागतं. पण तोंड मिटलेलं असतानाही खालची नस बधिर करण्याची एक पद्धत आहे, वझिरानी-अकिनोसी. ज्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही त्यांच्यासाठी ती वरदान आहे. मला लागली नाही. पण ती येते का असं सर्जनला विचारून ठेवा, तुमचा जबडा अडकणारा असेल तर नक्कीच.

आता प्रत्यक्ष दाढ काढतानाचं. भूल चढल्यावर असिस्टंट ताईंनी डाव्या दाढांमध्ये रबराचा बाइट ब्लॉक ठेवला. तो मुद्दाम सगळ्यात लहान घेतला होता. ब्लॉक असला की तोंड उघडं धरून ठेवायचं काम स्नायूंना करावं लागत नाही, त्यावर दात नुसते टेकवून ठेवायचे. मोठा ब्लॉक घातला तर मात्र तोच सांध्याला ताणतो. "ताई, चावू नका, नुसते टेकवा," असं त्या मधूनमधून सांगत होत्या. मी नकळत चावायला लागले की त्यांना गालावरून लगेच कळायचं.

खालची दाढ काढताना हत्याराचा सगळा जोर जबड्याला खाली ढकलतो आणि तो थेट सांध्यावर येतो. म्हणून ताईंचा एक तळहात सगळा वेळ माझ्या जबड्याखाली घट्ट होता. वरून जोर आला की खालून तेवढाच आधार. मॅडमनी दाढ अख्खी उपटली नाही. पाण्याच्या धारेखाली ड्रिलने माथा मुळांपासून कापला, तो आधी काढला, मग मुळं वेगळी करून एकेक बाहेर घेतली. त्यात वेळ जास्त जातो, पण जोर कमी लागतो. सांधा दुखरा असलेल्या माणसाने मागून घ्यावी अशी गोष्ट असेल तर ती हीच. फट्‌ असा आवाज झाला तेव्हा मी दचकले. "दाढेचा आवाज आहे, सांध्याचा नाही," असं त्यांनी लगेच सांगितलं, आणि त्या एका वाक्याने माझे खांदे खाली आले.

डावा हात वर केला की थांबायचं, असं आधीच ठरलं होतं. मी हात वर केला तेव्हा खरोखरच थांबल्या. ब्लॉक काढला, तोंड मिटू दिलं, ताईंनी कानापुढच्या भागावर बोटांनी हलकं चोळलं आणि मी मान हलवल्यावरच पुन्हा सुरुवात केली. मी हात वर केला नाही तेव्हाही त्यांनी स्वतःहून विश्रांती दिली.

वरच्या दाढेच्या वेळी मी सवयीने आ वासला, तर मॅडम म्हणाल्या, "नाही, अर्धं मिटा आणि जबडा उजवीकडे सरकवा." तोंड मोठं उघडलं की खालच्या जबड्याचा पुढचा उंचवटा वरच्या अक्कलदाढेशेजारी येऊन उभा राहतो आणि हत्याराला जागाच राहत नाही. अर्धवट मिटल्यावर तो मागे जातो. म्हणजे वरची दाढ काढायला तोंड ताणायची गरजच नसते! ती तर बघता बघता निघाली. टाके विरघळणारे होते, त्यामुळे काढून घेण्यासाठी पुन्हा तोंड उघडावं लागलं नाही. याचाही त्यांनी आधी विचार केला होता.

नंतरचे दिवस सोपे नव्हते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि तोंडही तेव्हाच सगळ्यात कमी उघडतं. माझं जेमतेम बोटभर उघडत होतं. पहिल्या दोन दिवसांत बर्फाचा शेक, नंतर गरम. कानात ठणका लागला तेव्हा मी घाबरले, कारण ड्राय सॉकेटचं, म्हणजे दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडल्याचं, दुखणंही कानापर्यंत जातं. फोन केला तर त्याच दिवशी बोलावलं. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी जागेवर होती, वास नव्हता, आणि कानापुढे दाबल्यावर नेमकं तेच दुखणं उठत होतं. म्हणजे तो सांधा आणि गालाचा स्नायू होता. औषधं तीच ठेवली, बोलणं कमी करायला सांगितलं.

सूज उतरायला लागल्यावर व्यायाम सुरू झाला. पुढच्या दातांमध्ये लाकडी चपट्या पट्ट्यांची चळत, ताण जाणवेल पण दुखणार नाही इतकीच, आणि जमेल तशी एकेक पट्टी वाढवायची. जांभई आली की जीभ टाळूला लावायची आणि हनुवटीखाली मूठ धरायची, म्हणजे तोंड मर्यादेबाहेर जात नाही. एरवी ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना न टेकलेले. शेवटच्या तपासणीत पुन्हा पट्टी लावली: न दुखता ३४. सांधा पूर्वीसारखाच वाजतो, पण वाढलेला नाही, आणि मला एवढंच हवं होतं.

आता अर्ध्या ताऱ्याचं. घरी नेण्यासाठी दिलेला सूचनांचा कागद सगळ्यांना देतात तोच होता. चूळ हलकी भरा, सिगारेट ओढू नका, स्ट्रॉ वापरू नका, सगळं बरोबर, पण सांध्याबद्दल त्यावर एक ओळसुद्धा नव्हती. पट्ट्यांचा व्यायाम आणि जांभईचं तंत्र मी विचारल्यावर मिळालं. जो विचारणार नाही त्याचं काय?

त्याहून मोठी उणीव स्प्लिंटची. मी रात्री स्प्लिंट लावते, हे केसपेपरवर होतं, तरी तो नंतर तोंडात जाणारच नाही हे कुणी आधी सांगितलं नाही. तोंड एवढं कमी उघडत असताना स्प्लिंट घालणं अशक्य होतं, आणि दुखऱ्या सांध्याला नेमकी त्याच रात्रींना त्याची सर्वांत जास्त गरज होती. फोनवर सांगितलं की जबरदस्ती करू नका, सहज बसेल तेव्हा सुरू करा. सल्ला योग्यच होता, पण तो आधी मिळाला असता तर रात्री आरशासमोर तो बसवायची धडपड वाचली असती. तुमचा स्प्लिंट अक्कलदाढेवरूनही जात असेल तर दाढ निघाल्यावर तो नीट बसतो का, हेही तपासून घ्यावं लागतं. आधीच्या भेटीत तो बरोबर घेऊन जा. मी मॅडमना हे दोन्ही सांगितलं, आणि त्यांनी माझ्यासमोरच त्या कागदाच्या मागे लिहून घेतलं.

ज्यांचा जबडा सध्या अडकलेला आहे किंवा सांधा भडकलेला आहे, त्यांनी दाढेत जंतुसंसर्ग नसेल तर थोडं थांबून आधी सांधा शांत करून घेण्याबद्दल सर्जनशी बोलावं. इथे तसं करतात. माझ्या आधी आलेल्या एका मुलीला मॅडमनी तारीख पुढची दिली, तोवर स्प्लिंट आणि शेक सांगितला, आणि तिच्या आईला तोंड मोजायची पट्टी कशी धरायची ते दाखवलं.